पुदिना शेवटच्या पाच मिनिटांत

सिंगापूरला ऋतू नाहीत, त्यामुळे इथल्या सर्दीलाही ऋतू नाही. साताऱ्यात असताना पावसाळा सरता सरता मला शिंका यायच्या आणि थंडी स्थिरावली की आपोआप थांबायच्या. इथे बारा महिने दमट हवा, बारा महिने गाद्या-उशांत डस्ट माइट हे धुळीतले सूक्ष्म किडे, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की बस, मॉल, ऑफिस सगळीकडे हुडहुडी भरवणारा एसी. सकाळी डोळे उघडल्यापासून शिंकांची माळ लागायची. हॉस्पिटलात त्वचेवर टोचून चाचणी झाली, डस्ट माइटची अ‍ॅलर्जी निघाली. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा मिळाला आणि रात्री घ्यायची गोळी. फवाऱ्याने बरं वाटायचं, गोळीने मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड राहायचं.

शेजारच्या आंटी म्हणाल्या, सिनसेहला दाखवून बघ. सिनसेह म्हणजे चिनी वैद्य. इथल्या सरकारी मजल्या-मजल्यांच्या वसाहतींत, किराणा आणि न्हाव्याच्या दुकानाशेजारी, एखादा तरी 'मेडिकल हॉल' असतोच. समोर काउंटर, मागे भिंतभर छोटे छोटे खण, आत पडद्याआड सिनसेह. पुण्यात रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात पाऊल टाकल्यावर जो वास अंगावर येतो, त्याच्या चुलतभावासारखा वास इथे येतो.

माझं शिक्षण बी.फार्म.चं. कॉलेजात वनस्पतींच्या मुळांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात दोन सत्रं गेलेली, त्यामुळे मी गेले ती श्रद्धेपेक्षा उत्सुकतेने. त्यात चिनी औषधांबद्दल आमच्या पाठ्यपुस्तकात जे काही होतं ते फार सुटं सुटं होतं. 'माहुआंग' या झुडपातून जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ साली इफेड्रिन वेगळं काढलं, पुढे १९२०च्या दशकात बीजिंगमध्ये चेन यांनी त्यावर काम केलं आणि दम्यासाठी, चोंदलेल्या नाकासाठी ते जगभर वापरात आलं, एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं. हे झुडूप ज्या खणात ठेवतात तो खण उघडताना बघायला मिळेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आधी मी कायदा बघून घेतला, ही धंद्याची सवय. सिंगापूरने चिनी वैद्यकासाठी २००० साली कायदा केला. मंडळाकडे नोंदणी असल्याशिवाय इथे कोणी सिनसेह म्हणून बसू शकत नाही, आणि नोंदणी असली तरी आधुनिक औषधं लिहून देता येत नाहीत. नोंदणी झालेल्यांची यादी कोणालाही बघता येते. मी ज्यांच्याकडे गेले ते पस्तिशीचे, नानयांग तंत्रविज्ञान विद्यापीठ आणि बीजिंगचं चिनी वैद्यक विद्यापीठ यांच्या जोड-अभ्यासक्रमातून बाहेर पडलेले. हा अभ्यासक्रम २००५ला सुरू झाला. त्यात जैववैद्यकीय विज्ञानाची पदवी आणि चिनी वैद्यकाची पदवी अशा दोन्ही मिळायच्या. पांढरी दाढीवाले म्हातारे गृहस्थ माझ्या डोक्यात होते, ते भेटले नाहीत.

तपासणीला बराच वेळ लागला. आधी जीभ. खिडकीच्या उजेडात, पूर्ण बाहेर काढून. कॉफी पिऊन येऊ नका असं फोनवरच सांगितलं होतं, कारण कॉफीने जिभेवरचा थर रंगतो. माझी जीभ फिकट निघाली, कडांना दातांचे वळ, वर पातळ पांढरा थर. मग प्रश्न. नाकातून येणारं पाणी पातळ की घट्ट, पांढरं की पिवळं? घाम कधी येतो? तहान लागली की थंड पाणी हवंसं वाटतं की कोमट? जेवल्यावर झोप येते का? शौचाला कसं होतं? पाळी? ही यादी ऐकताना मला आमच्या गल्लीतल्या वैद्यांची आठवण झाली. तेही नाकाची तक्रार घेऊन गेलेल्याला पोटाचं विचारायचे.

मग नाडी. आपल्याकडे तीन बोटांखाली वात, पित्त, कफ बघतात. इथेही तीनच बोटं, पण दोन्ही मनगटांवर वेगवेगळा हिशेब. डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि उजव्या हाताला फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. बोट हलकं ठेवून एकदा, दाबून एकदा. हे अवयव शरीरशास्त्रातले नव्हेत हे त्यांनी आपणहून सांगितलं. 'प्लीहा' म्हणजे खाल्लेल्यातून बळ काढण्याचं सगळं काम. तुमच्या प्लीहेत आणि फुप्फुसात 'ची', म्हणजे जीवनशक्ती, कमी आहे, म्हणून बाहेरचा वारा सहज आत शिरतो, असं निदान झालं. मी मान डोलावली. माझ्या शिक्षणात बसणारं ते काही नव्हतं, पण प्रश्न नेमके होते आणि कागदावर सगळं लिहून घेतलं जात होतं.

सध्या काय औषधं चालू आहेत, हेही विचारलं. फवारा आणि गोळी सांगितली. फवारा स्वतःच्या मनाने बंद करायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

औषधयोजना दोन जुन्या योगांची मिळून होती. पहिला 'यू फिंग फंग सान', म्हणजे वाऱ्याला अडवणारा जेडचा पडदा. त्यात तीनच द्रव्यं आहेत. हुआंगची हे मूळ, बाईजू हा कंद आणि फांगफंग हे आणखी एक मूळ. वारंवार सर्दी होणाऱ्याला हा योग शेकडो वर्षं देत आलेत. दुसरा योग नाकासाठीचा. त्यात शिनयी, म्हणजे मॅग्नोलियाच्या न उमललेल्या कळ्या, बाईझी हे उग्र वासाचं मूळ, बोहे म्हणजे त्यांच्याकडचा पुदिना, आणि त्सांगअरझी. शेवटी थोडं मधात परतलेलं ज्येष्ठमध, सगळ्यांना सांभाळून घ्यायला. चिनी योगांत द्रव्यांना दरबारातल्या जागा दिलेल्या असतात. एक राजा, त्याचे मंत्री, साहाय्यक आणि शेवटी दूत. ज्येष्ठमध बहुतेक वेळा दूत असतो. आपल्याकडचं ज्येष्ठमध आणि त्यांचं ज्येष्ठमध एकाच कुळातल्या दोन वेगळ्या जाती आहेत.

काउंटरवरच्या काकांनी गुलाबी कागदाचे चौकोन ओळीने मांडले, एका दिवसाला एक. खण भराभर उघडत गेले. जुन्या दुकानांत अजून हातात धरायची दांडीकाट्याची छोटी तराजू दिसते. इथे इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण बोलताना ते 'छ्येन'च म्हणत होते. चीनमध्ये आता एक छ्येन तीन ग्रॅमच्या आसपास धरतात, सिंगापूर-हाँगकाँगच्या जुन्या मापात तो पावणेचार ग्रॅमच्या वर जातो. हुआंगची १५ ग्रॅम, बाईजू १०, त्सांगअरझी ६, पुदिना ३. पुदिना आणि कळ्या वेगळ्या पुड्यांत बांधल्या.

त्सांगअरझी कागदावर पडली आणि मी ओळखलीच. शेतातून चालताना सलवारीला चिकटणारी ती काटेरी बोंडं! आमच्याकडे त्यांना गोखरू म्हणतात, सराट्यालाही गोखरूच म्हणतात, आणि दोन्हींना शिव्या सारख्याच बसतात. जनावरांनी या झाडाची कोवळी रोपं खाल्ली तर ती दगावतात, हे आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. मी काकांना म्हटलं, हे विषारी आहे. त्यांनी एक बोंड उचलून नखाने दाखवलं. काटे जाळून-घासून काढलेले, रंग खरपूस तपकिरी. कच्चं विकतच नाहीत. मंद आचेवर परतून, काटे काढूनच ते खणात येतं. त्यातलं यकृताला घातक असणारं द्रव्य भाजण्याने कमी होतं. तरीही मात्रा मर्यादेत ठेवायची आणि जास्त दिवस द्यायचं नाही.

तिथून पुढे माझं लक्ष औषधांच्या गुणांपेक्षा या खबरदाऱ्यांकडेच जास्त जायला लागलं. खणातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी काहीतरी करून ठेवलेलं असतं. कुठे मधात परतलेलं, कुठे व्हिनेगरमध्ये, कुठे मद्यात वाफवून उन्हात वाळवून पुन्हा वाफवलेलं. रहमानिया नावाचं मूळ कच्चं असताना थंड मानतात, मद्यात वाफवून काळं कुळकुळीत झालं की उष्ण आणि रक्त वाढवणारं. दोन्हींचे खण वेगळे. सगळ्यात मोठी तऱ्हा 'फूझी'ची. हे आपल्या वत्सनाभाच्या कुळातलं. आयुर्वेदात विषारी वत्सनाभ गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करून घेतल्याशिवाय वापरत नाहीत, आणि हे लोक मिठाच्या पाण्यात मुरवून, उकळून, वाफवून घेतात. एवढं करूनही काढा करताना ते इतर औषधांच्या आधी अर्धा-पाऊण तास उकळायचं. कारण साधं आहे. त्यातलं अ‍ॅकोनिटिन हे विष दीर्घ उष्णतेने फुटून कितीतरी सौम्य होतं. रसायनशास्त्र यायच्या शेकडो वर्षं आधी, बहुधा बरेच जीव गमावून, हे कोणीतरी शोधलं असणार.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं हवं, काच किंवा स्टील चालेल, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम नको. मुळांतली टॅनिनं लोखंडाशी जमवून घेत नाहीत. आंटींनी त्यांच्या ओळखीच्या दुकानातून एका बाजूला आडवी मूठ असलेलं मातीचं भांडं आणून दिलं. पहिल्यांदा त्यात तांदळाची पेज उकळायला लावली, म्हणजे बारीक छिद्रं बुजतात. पुडी धुवायची नाही. थंड पाण्यात अर्धा तास भिजवायची, पाणी औषधाच्या वर दोन बोटं. मोठ्या आचेवर उकळी आणायची, मग आच बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं. कळ्या सुती पुरचुंडीत बांधून टाकायच्या, कारण त्यांच्यावर दाट लव असते आणि ती घशात गेली की खवखवते. पुदिना शेवटच्या पाच मिनिटांत. आधी टाकला तर त्यातलं तेल वाफेबरोबर निघून जातं आणि स्वयंपाकघराची सर्दी बरी होते, माझी नाही.

गाळून घेतलं की त्याच चोथ्यात कमी पाणी घालून दुसरी उकळी. दोन्ही पाणी एकत्र करून अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी, जेवणानंतर, कोमट. हे रोज. नोकरी करून हे करणं म्हणजे घरात एक तान्हं असल्यासारखंच. म्हणून काही सिनसेह दाणेदार अर्क देतात. प्रत्येक औषध कारखान्यात वेगळं उकळून, आटवून त्याची भुकटी केलेली असते, चमच्याने मोजून मिसळायची, गरम पाण्यात ढवळून प्यायची. इथे बरेच लोक आता तेच घेतात. पुढे मीही तेच घेतलं. सगळं एका भांड्यात उकळण्याने जे होतं ते यात होत नाही, अशी जुन्या लोकांची तक्रार असते. मला चवीपलीकडे फरक कळला नाही.

चव. हुआंगची गोडसर, कच्च्या शेंगांचा वास असलेली. बाईझी उग्र. मॅग्नोलियाच्या कळ्यांना कापरासारखा झोंबरा वास. सगळं मिळून जे होतं ते बाळंतकाढ्याएवढं वाईट नाही, पण दुसरा घोट मागावा असंही नाही. काढ्यासोबत काकांनी गुलाबी कागदात गुंडाळलेल्या पातळ, तपकिरी, आंबटगोड चकत्यांच्या गुंडाळ्या दिल्या होत्या. इथली मुलं कडू औषधानंतर याच चकत्यांवर मोठी होतात. ज्या फळापासून त्या करतात, ते 'शानझा' स्वतःही पचनाचं औषध म्हणून खणात असतंच.

पथ्यावर मात्र सिनसेहशी माझं जुंपलं. थंड आणि कच्चं बंद. बर्फ बंद ठीक आहे, कोशिंबीर बंद हेही समजू शकते, पण दही आणि ताक? प्लीहा अशक्त असताना ते ओल वाढवतं म्हणे. ज्या ताकाला आपल्याकडे इंद्रालाही दुर्लभ म्हटलंय, ते इथे आरोपीच्या पिंजऱ्यात. मी म्हटलं, आम्ही त्यात आलं, जिरं, हिंग घालून गरम करतो. त्यांनी कढी कशी करतात हे नीट विचारून घेतलं आणि गरम असेल तर आठवड्यातून एकदोनदा चालेल असा निवाडा दिला. मुळाही बंद, कारण बळ वाढवणाऱ्या औषधांचं तो बळ काढून घेतो. थंड-उष्णाची ही भाषा मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. सिंगापुरात लहान पोरंही 'हीटी' आणि 'कूलिंग' बोलतात. दुरियन हीटी, मँगोस्टीन कूलिंग, आणि दुरियन खाल्ल्यावर मँगोस्टीन खायचं. आंबा खाल्ला की वर दूध पिणाऱ्या माझ्या आज्जीला हे लगेच पटलं असतं.

काही आठवड्यांनी माझा घसा धरला, अंगात कणकण आली, कफ पिवळा झाला. मी तसाच काढा चालू ठेवायचा का, असा निरोप पाठवला. तासाभरात उत्तर आलं, आजपासून हुआंगची बंद. दुसऱ्या दिवशी गेल्यावर त्यांनी कारण सांगितलं. बाहेरचा रोग आत आलेला असताना बळ वाढवणारं औषध देणं म्हणजे दार लावून चोराला घरात कोंडणं. ही त्यांच्याकडची जुनी म्हण. नवी पुडी पूर्ण वेगळी होती. त्यात हनीसकलच्या कळ्या, फोर्सिथियाची फळं, पुदिना, ज्येष्ठमध, बहुतेक 'थंड' बाजूचं. घसा उतरल्यावर पुन्हा जुनी योजना, पण त्सांगअरझी वगळून. नाक कोरडं पडायला लागलं होतं म्हणून बाईझीही निम्म्यावर. एकाच माणसाला, एकाच तक्रारीसाठी, दर खेपेला वेगळा कागद. हे जर कोणाला क्लिनिकल ट्रायलमध्ये बसवायचं असेल तर त्याचे हाल आहेत, आणि चिनी औषधांबद्दलचा पुरावा इतका विखुरलेला का असतो, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं उत्तर चिंगहाओत. ही वनस्पती आपल्या दवण्याची बहीण. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याने तातडीच्या उपचारांच्या पुस्तकात हिवतापासाठी लिहून ठेवलं होतं, मूठभर चिंगहाओ दोन शंग (जुनं चिनी माप) पाण्यात भिजवा, पिळून रस काढा, सगळा प्या. चीन सरकारने १९६७ला मलेरियावर औषध शोधायचा गुप्त प्रकल्प काढला. त्यात थू यूयू या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने जुने ग्रंथ चाळले, शेकडो अर्क करून बघितले. चिंगहाओचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. मग त्या ओळीत 'उकळा' असं कुठेच नाही, याकडे थू यांचं लक्ष गेलं. कमी तापमानाला उकळणारं इथर हे द्रावक वापरून त्यांनी अर्क काढला आणि १९७१च्या ऑक्टोबरात तो उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध मिळालं आणि २०१५ला त्यांना नोबेल. काढा उकळताना घड्याळाकडे बघत पुदिना हातात धरून उभी असायचे तेव्हा मला हे हटकून आठवायचं. पण एवढंच सांगून थांबणारे लोक मला पटत नाहीत. त्या नोबेलपर्यंत पोचायला अर्क, प्राणी, रुग्ण, स्फटिक, रचना हा सगळा रस्ता चालावा लागला. ग्रंथातल्या एका ओळीने तो रस्ता कुठून सुरू करायचा ते सांगितलं. बाकीच्या ओळींपैकी कितींचा रस्ता कोणी चाललंय?

याच सुमारास आई साताऱ्याहून राहायला आली. माझा काढा बघून पहिल्याच दिवशी म्हणाली, "मलाही दे गं अर्धी वाटी. काढाच तर आहे, त्याने काय होतंय?" आईच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी आयएनआर चाचणी दर महिन्याला. मी अर्थातच दिला नाही, तर ती रुसली. गुडघे दुखतात, इथले वैद्य बघतील तरी, असं म्हणून तिने हट्टच धरला. शेवटी नेलं.

सिनसेहनी तिची नाडी बघण्याआधी गोळ्यांच्या पट्ट्या मागितल्या. वॉरफरिनचं नाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. गुडघेदुखीच्या चिनी औषधांत रक्त 'चालतं' करणारी द्रव्यं हमखास असतात. दानशेन, दांगगुई, करडईची फुलं. त्यातली पहिली दोन वॉरफरिनबरोबर घेतल्याने आयएनआर चढल्याच्या नोंदी आधुनिक वैद्यकात आहेत, हे मला माहीत होतं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो मात्र मला सुचला नव्हता. घरी सूप कसलं पिता? आईला आंटींचं सूप फार आवडलं होतं, लाल खजूर आणि त्यावर मूठभर केशरी 'गोऊची', म्हणजे हल्ली आपल्याकडे गोजी बेरी म्हणून मिळते ती. गोऊचीनेही वॉरफरिनचा परिणाम वाढल्याची उदाहरणं आहेत. त्यांनी आईला काहीही दिलं नाही. गोऊची बंद करा, आयएनआर या आठवड्यातच तपासा आणि गुडघ्यासाठी हॉस्पिटलात फिजिओथेरपी घ्या, असं सांगून फीदेखील घेतली नाही. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "औषध देईना तो कसला वैद्य!" आयएनआर थोडा वरच निघाला. डॉक्टरांनी डोस जुळवून दिला.

'काढाच तर आहे' हे वाक्य आईचं एकटीचं नाही. आपल्या घराघरांत ते आहे, कारण आपण काढ्यांवरच वाढलो. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन उतरवणाऱ्या एका दवाखान्यातल्या शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. गोळ्यांमध्ये एका चिनी मुळाच्या जागी नावाने जवळचं दुसरं मूळ आलं होतं, आणि त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची ईश्वरी याच कुळातली आहे. सिंगापूरने हे आम्ल असलेल्या औषधांवर बंदी घातलेली आहे. मी सिनसेहना बेल्जियमचं विचारलं, तर ते टाळाटाळ न करता म्हणाले, खणावरचं नाव आणि आतली वस्तू एकच आहे का, हे बघायला माणूस लागतो. कोणती औषधं एकत्र द्यायची नाहीत याचे अठरा विरोध विद्यार्थ्यांना पद्यात पाठ करायला लावतात. ते त्यांनी मला म्हणूनही दाखवले, पाढे म्हणावेत तसे एका दमात. त्यातले काही विरोध प्रयोगशाळेत टिकत नाहीत, हेही वर सांगितलं.

या निमित्ताने मी थोंग चाय बघून आले. ही संस्था १८६७ची. गरिबांना फुकट तपासणी आणि फुकट औषध, जात-धर्म-देश न विचारता, असं तिचं पहिल्यापासूनचं ब्रीद. जुनी इमारत १८९२ची, आता राष्ट्रीय स्मारक आहे. दवाखाना दुसऱ्या इमारतीत अजून चालतो. बंदरावर हमाली करणाऱ्यांना एकेकाळी याचा मोठा आधार होता.

आता नाकाचं. शिंका कमी झाल्या, सकाळच्या माळेतले मणी बरेच गळले. रात्रीची गोळी क्वचितच लागते. फवाऱ्याचा डोस हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कमी केला. पण त्याच काळात मी गाद्या-उशांना डस्ट माइट न शिरणारी आवरणं घातली, चादरी कडक गरम पाण्यात धुवायला लागले, ऑफिसात एसीच्या झोतातून जागा बदलून घेतली. काढ्याचं श्रेय किती, हे सांगायला माझी दुसरी प्रत लागेल, काढा न घेतलेली. सिनसेहना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, गरम पाण्याचा सल्ला मीही दिला असता, तुम्ही आधीच केलंत.

शेवटी त्यांनीच औषध थांबवलं. हवं तर हुआंगचीचे दोन-चार काप सूपमध्ये टाकत जा, म्हणाले. आमच्याकडे सूप होत नाही, म्हणून मी ते मुगाच्या कढणात टाकून बघितले. वाईट लागत नाहीत, जेवताना तेवढे बाजूला काढून ठेवायचे.

पुण्याच्या मामेबहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिचंही नाक माझ्यासारखंच. ती म्हणाली, "ताई, येताना त्या पुड्या घेऊनच ये माझ्यासाठी." मी म्हटलं, नाही आणणार. तुझी जीभ कोणी बघितलेली नाही, तुला थायरॉइडची गोळी चालू आहे, आणि माझ्या पहिल्या पुडीत गोखरू होतं.

"गोखरू? आपलं चिकटणारं?"

"तेच. भाजलेलं."

बराच वेळ ती हसत होती. मग म्हणाली, "बरं, मग निदान त्या आंबटगोड चकत्या तरी आण."